पंधरा दिवसांत सपाट

बाळंतिणींच्या वॉर्डात वीस वर्षं सिस्टर म्हणून काढली की किस्से साचतातच. पण पोरींच्या हातात मोबाइल आल्यापासून मला हसायचंसुद्धा सुचत नाही, नुसता तोंडाचा आ होतो!

*

आसगावची एक सून. बाळाचा पहिला फोटो तिनं फिल्टर लावून घरच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सासरे आले, बाळाकडे पाहिलं आणि वॉर्डभर ओरडले, "हे आपलं नोहे! आपलं तं गोरं, निळ्या डोळ्याचं हाये. लेकरू बदललं बाप्पा!"

मी फोटो पाहिला. एका दिवसाच्या बाळाला लिपस्टिक!

सून मान खाली घालून म्हणाली, "सगळे तसंच टाकतेत नं, सिस्टर."

*

मग शहापूरची प्रतीक्षा, पहिलटकरीण. आमच्याकडे बाळंतिणीचं पोट जुन्या लुगड्यानं बांधतात, कमरेला आधार म्हणून. सासूनं बांधलेल्या लुगड्यावरून हिनं ओढणी आवळली. श्वास घ्यायला जागा नाही! मी सोडायला गेले तर रडायलाच लागली.

"सोडू नका जी! रीलमधल्या बाईचं पंधरा दिवसांत सपाट झालं. माहं काहून नाही होऊन राहिलं?"

तिला बाळंत होऊन तीन दिवस झाले होते!

*

तीच प्रतीक्षा दहाव्या दिवशी परत. बाळाचं वजन वाढायच्या ऐवजी घटलेलं, अंगावरचं दूध पुरत नव्हतं. सासू म्हणाली, "डब्बाभर लाडू खाल्ले जी हिनं!" मी प्रतीक्षाची पिशवी उघडली तर सगळे लाडू तळाशी, मुंग्या लागलेले. सासूनं कपाळावर हात मारला. ओली बाळंतीण, आणि उपाशी!

दोघांना भरती केलं. वरण-भाताचं ताट समोर ठेवलं, तर तिनं ते सरकवून मोबाइल दाखवला. "हेच थे बाई. पाहा, आजच टाकला. दुसऱ्या डिलिवरीले पंधरा दिवस, अन् पोट पुन्हा सपाट!"

शेजारच्या खाटेवर तुमसरची एक बाई होती, आदल्याच दिवशी बाळंत झालेली. तोंडाला सतत स्कार्फ. व्हिडिओचा आवाज ऐकून ती उठून बसली आणि स्कार्फ खाली केला.

तोच चेहरा! आणि गाऊनखाली पोट चांगलं सहाव्या महिन्याएवढं.

"थो व्हिडिओ दिवस राहिल्याबरोबर काढून ठेवला होता," ती हळूच म्हणाली. "मंग सपाट पोट कुठून आणू?"

"अन् त्यातलं लेकरू?" प्रतीक्षानं विचारलं.

"बहिणीचं."

प्रतीक्षा एकदम ओरडली, "मंग माह्या लेकराले मी काहून उपाशी ठेवलं, वो बाई?"