मिठाच्या राशीची सावली

आमचे ड्रॉइंग मास्तर वर्गात आले की आधी मुलांकडे नाही, टेबलावरच्या प्लास्टरच्या चेंडूकडे बघत. चेंडूभोवती त्यांनी खडूने गोल आखलेला असे. चेंडू जरा सरकला तरी पगडीखालच्या भुवया वर चढत. "कोणी हात लावला? सावली सांगतेय मला." एकदा तो हात माझा होता. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो, पण त्यांनी मलाही सोडलं नाही.

माणूस भारी संशयी. दूधवाल्यावर, शाळेच्या घड्याळावर, माझ्यावर, कोणावरच विश्वास नाही. विश्वास फक्त सावलीवर. "माणूस थापा मारतो हो, सावलीला तेवढी अक्कल नाही," असं म्हणायचे.

रोज सकाळी शाळेआधी ते ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरात जात. बांधावरच्या ठरलेल्या दगडावर बसून जलरंगांत एकाच राशीचं चित्र काढत. उजेडाची बाजू, काळोखी बाजू आणि जमिनीवर पडलेली सावली. राणीच्या राज्यात मिठाच्या कणाकणावर सरकारचा डोळा. त्यामुळे मिठागरातल्या आगऱ्यांना मास्तर सरकारचे हेर वाटत आणि शिपायांना चोरांचे. खरं सांगायचं तर मलाही अधूनमधून शंका यायची.

एका मंगळवारी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. रोज त्या वेळी मास्तरांच्या पायाशी येणारी राशीची सावली वीतभर आधीच थांबली; म्हणजे राशीचा शेंडा खाली आला होता. ते तडक राखणीवरच्या गोमाकडे गेले. गोमाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली.

"घरान मीठ नव्हता मास्तर. टोपलीभर घेतला. तू बोललास तं मना तुरुंगान टाकतील."

मास्तर दगडावर येऊन बसले आणि जशी दिसली तशी सावली रंगवून उठले.

दोन दिवसांनी मिठाचा दरोगा शाळेत आला. गोमावर त्याचा संशय होता. त्याला सोमवारचं आणि मंगळवारचं चित्र शेजारी ठेवून पाहायचं होतं. मास्तर म्हणाले, "शाळा सुटल्यावर देतो." मधल्या सुट्टीत त्यांनी वर्गाचं दार लावून घेतलं आणि सोमवारचं चित्र नव्याने काढलं. शेंडा तोकडा, सावली तोकडी. मी आतून दाराला पाठ लावून उभा होतो. मला त्यांची फार दया आली.

दरोग्याने दोन्ही चित्रं उन्हात धरली, मास्तरांकडे रोखून पाहिलं आणि निघून गेला. गोमा वाचला.

"पण त्याने ते मीठ विकलं नाही कशावरून?" मी विचारलं.

"मी विचारलं नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी कोणाला न विचारता सोडलेलं मी तेवढंच पाहिलं. चेंडूभोवती मात्र पुन्हा खडू फिरला नाही.

बदली होऊन निघाले तेव्हा त्यांनी सोमवारचं खरं चित्र घडी करून माझ्या हातात दिलं. "जाळून टाका. मला जमलं नाही."

मलाही जमलं नाही. आता मास्तर नाहीत, गोमाही नाही. चित्र माझ्या पेटीच्या तळाशी आहे, आणि दार वाजलं की मी अजून आधी पेटीचं झाकण लावतो.