फ्लेक्सवरची खालची ओळ

जून महिन्यात आमच्या कॉलेजच्या गेटवर नवा फ्लेक्स लागतो. परभणीत सगळ्याच कॉलेजांचा लागतो, त्यामुळे आमचा नाही लागला तर कॉलेज बंद पडलं असंच लोक समजतील. वर संस्थेच्या अध्यक्षांचा भला मोठा फोटो, मधे नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचे चेहरे, प्रत्येक चेहऱ्याखाली कंपनी आणि शहर. शहर म्हणजे पुणे. एखादा हैदराबादला, एखादी बंगळुरूला, बाकी सगळं पुणे. आणि अगदी खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून छोट्या गोल फोटोंची ओळ. त्यात संस्थेचे संचालक, एखादा नगरसेवक, एखादा सरकारी कामं घेणारा गुत्तेदार. मी संगणकशास्त्र विभागाची प्रमुख, त्यामुळे मधले चेहरे निवडायचं काम माझं.

गेल्या वर्षी तपासणीला समिती आली होती. त्यातल्या एका बाईंनी चहा पिता पिता विचारलं, की या भागाच्या अर्थव्यवस्थेत तुमच्या विभागाचा वाटा काय. प्रश्न साधा होता, पण मला भलतंच आठवायला लागलं. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं मागे आमच्याकडे माणूस मागितला होता. त्याला वजनकाट्याचा हिशोब कॉम्प्युटरवर नीट ठेवणारा पाहिजे होता, आणि आमची मुलं त्याला मशीन लर्निंग समजावून सांगत बसली. त्यानं दुसऱ्या दिवशी बी.कॉम. झालेला मुलगा ठेवून घेतला. शेतकऱ्यांसाठीच्या ॲपचे प्रोजेक्ट आमच्याकडे दरवर्षी होतात, बाइंडिंग करून कपाटात जातात, आणि त्यातलं एकही ॲप मी आजवर कुठल्या शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये पाहिलेलं नाही. आमच्या मुलांवर गावातल्या खाणावळी चालतात, झेरॉक्सची दुकानं चालतात, आणि शिकून झाल्यावर पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सही त्यांच्यावरच भरतात. ट्रॅव्हल्सवाल्याचं भलं आम्ही नक्की केलंय. पण हे समितीला कसं सांगणार?

बरं, दुसरी बाजूही खोटी नाही. त्याच मुलांनी पाठवलेल्या पैशांतून पत्र्याच्या घरांवर स्लॅब पडले, धाकट्या बहिणी शिकल्या, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली. मग वाटा आहे म्हणायचा की नाही? पैसा येतो हे खरं, पण येतो तो पुण्याहून, आणि पोर गेलं ते गेलंच. मी बाईंना काहीतरी गोलमोल सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि त्या पुढच्या विभागात निघून गेल्या. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

उन्हाळ्यात आम्ही प्राध्यापक ॲडमिशनसाठी गावोगाव फिरतो. बाहेरच्या लोकांना हे पटत नाही, पण मुलं आली नाहीत तर विभाग बंद, आणि विभाग बंद तर आम्हीही घरी. राणीसावरगावात एका वडिलांनी विचारलं, पोरगी शिकून पुण्याला लागेल ना? मी म्हणाले, लागेल की. तिथून दोन घरं सोडून एका आईनं विचारलं, शिकून इथंच ऱ्हाईल ना? मी म्हणाले, राहील की. दोन्ही उत्तरं खरी होती, आणि हीच माझी खरी अडचण होती.

अशाच फेरीत झरीला गेले आणि आमची एक जुनी विद्यार्थिनी दिसली. वर्गात पहिली यायची. पुण्याला चांगल्या कंपनीत लागली तेव्हा तिचा फोटो फ्लेक्सवर यायचा होता, पण त्या वर्षीचा फ्लेक्स आधीच छापून झाला होता, आणि पुढचा जून येईपर्यंत ती नोकरी सोडून गावी परतली होती. आता तिनं ग्रामपंचायतीसमोर दुकान टाकलं होतं. पीकविमा, सातबारा, शिष्यवृत्ती, सगळी ऑनलाइन कामं तिच्याकडे. लोकांनी उगाच ताटकळू नये म्हणून तिनं स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. नंबर जवळ आला की माणसाच्या फोनवर मेसेज जायचा. तरी लोक सकाळपासून येऊन बाहेर बसायचे ते बसायचेच. घरी बसून काय करावं, असं त्यांचं म्हणणं.

परत का आलीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, काम वाईट नव्हतं, माणसंही चांगली होती, पण दिवसभर कुणासाठी काय करतोय ते कळायचं नाही. मला ते पटलं आणि पटलंही नाही.

निघताना तिची आई भेटली. अंगणवाडीत मदतनीस आहे. जयभीम झाला, तसं तिनं मला हाताला धरून बाजूला नेलं. लेक माघारी आल्यापासून नातेवाईक एकच बोलत होते, की काहीतरी गोंधळ केला असेल, कंपनीनं काढून टाकली असेल. बोलणी होत आलेलं एक स्थळ त्यावरूनच फिरलं होतं. लेकीनं सगळ्यांना खरं काय ते सांगून पाहिलं, पण चांगली नोकरी कुणी आपणहून सोडतं यावर गाव विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

"तुमच्या गेटवरल्या बोर्डावर तिचा फोटू लावा, मॅडम," ती म्हणाली. "कालेजच म्हणलं ही पोरगी पास हाय, मंग लोकांची तोंडं बंद होतेत. माझ्या एकटीच्या सांगण्यानं न्हाई होत."

मी लगेच हो म्हणाले. मला फार वाईट वाटलं होतं, आणि रागही आला होता, कुणाचा ते नेमकं सांगता येत नाही.

प्राचार्यांनी पहिला प्रश्न केला तो पॅकेज काय लिहायचं हा. मी म्हणाले, पॅकेज नाही, तिचं स्वतःचं दुकान आहे, अख्खं गाव तिच्यावर अवलंबून आहे. ते म्हणाले, मॅडम, फ्लेक्स ॲडमिशनसाठी असतो, दुकान टाकायला तीन वर्षं कॉलेजात कशाला यायचं, असं पालक विचारतील. त्यावर माझं डोकं फिरलं. मी टेबलावरच्या फायली उचलल्या आणि सांगितलं, की मग यंदाचे चेहरे तुम्हीच निवडा, आणि गावं फिरायलाही तुम्हीच जा. उन्हाचं फिरणं त्यांना नको होतं. लावा, म्हणाले.

मी सगळे फोटो फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवले. बाकीच्यांखाली कंपनी आणि पुणे. तिच्या नावाखाली काय लिहावं यावर मी बरंच डोकं खाजवलं. स्वयंरोजगार लिहिलं तर सरकारी योजनेची लाभार्थी वाटते, उद्योजिका लिहिलं तर तीच मला हसली असती. शेवटी नुसतं ‘झरी’ लिहिलं.

फ्लेक्स लागला त्या सकाळी गेटवर स्कूटी थांबवून पाहिलं, तर मधल्या चेहऱ्यांत ती नव्हती. ती सापडली खाली, शुभेच्छुकांच्या ओळीत, एक संचालक आणि एक गुत्तेदार यांच्या मधे. गोल फोटो, खाली नाव, झरी.

तशीच फ्लेक्सवाल्याकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "कंपनी लिवलेली न्हवती, मॅडम. नुसतं गाव होतं. गावात ऱ्हाणारे लोक खालीच असतेत, वर कसं लावू?" आयुष्यभर तो फ्लेक्सच बनवतोय. जे गेले त्यांचं अभिनंदन, जे राहिले ते शुभेच्छा देणारे, ही मांडणी त्यानं केलेली नव्हती. आम्हीच दरवर्षी त्याला तशी पाठवत आलो होतो. भांडायला म्हणून गेलेली मी, दुसरा छापून ठेवा एवढंच बोलून परत आले.

दुसरा छापून व्हायच्या आत तिची आई आपल्या जावेला घेऊन परभणीला येऊन गेली. गेटसमोर उभं राहून दोघींनी मोबाईलमध्ये फोटो काढले आणि गावभर दाखवले. गावानं त्याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला. शुभेच्छुकांत फोटो येतो तो मोठ्या माणसाचा. ही पोरगी कॉलेजला देणगी देते, संस्थेत तिचा शब्द चालतो, कंपनी तर तिनंच सोडली असणार. काढून टाकल्याचं बोलणं ज्या मामानं पसरवलं होतं, तोच आपल्या मुलाच्या ॲडमिशनसाठी तिचा वशिला मागायला दुकानात आला. आईला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं. मी मात्र आनंद मानावा की कपाळाला हात लावावा, या विचारात पडले.

तरी झरीला गेलेच. दुकानात गर्दी होती. तिला बाहेर बोलावून मी सांगितलं, चूक झालीय, नवा फ्लेक्स तयार आहे, तुझी जागा वर आहे, उद्याच बदलून घेते.

"नका बदलू," ती म्हणाली. "आईला लय बरं वाटायलंय. आता वर गेले तर लोक म्हणतील, हिचं संस्थेत कायतरी बिनसलं."

मग ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "पण तुमी सांगा मॅडम. मी माघारी आले ते बरोबर केलं का चूक?"

इतकी वर्षं मी उत्तरं देण्याचाच पगार घेतेय. बरोबर म्हणावं, तर मधल्या त्या सगळ्या चेहऱ्यांना मी कुठे पाठवून दिलं? चूक म्हणावं, तर तिच्या दारात बसलेली एवढी माणसं कुठे जाणार होती? आणि ती स्वतः, वर्गात पहिली येणारी, दिवसभर लोकांचे अंगठे मशीनवर टेकवत होती, तेही मला बघवत नव्हतं.

"मला नाही माहीत गं," मी म्हणाले. सांगताना भारी लाज वाटली.

तिचे डोळे भरून आले. मी घाबरले, काहीतरी सावरून घ्यायला तोंड उघडणार तेवढ्यात तीच बोलली.

"मलाबी न्हाई," ती म्हणाली. "आई म्हणती बरोबर, मामा आधी चूक म्हणायचा, आता बरोबर म्हणायलाय. समद्यांनाच ठाऊक हाय. ठाऊक न्हाई म्हणणारं आजवर एक माणूस भेटलं न्हवतं मला."

तिनं ओढणीनं डोळे पुसले, आत जाऊन स्वतःची खुर्ची बाहेर आणून माझ्यासाठी ठेवली, आणि आत उभ्याउभ्याच पुढच्या माणसाचं काम करायला लागली.