खालच्या आळीची यादी

कोळ्ळिडम नदीतल्या त्या बेटावर जायचं म्हटलं की हल्ली माझे गुडघे आधी नाही म्हणतात. तंजावूरहून दोन बस बदलायच्या, मग वाळू तुडवत काठ गाठायचा, मग परिसल, म्हणजे वेताची गोल होडी. ती वल्हवणारी बाई हात देऊन मला आत घेते आणि दर वेळी एकच सांगते, "टीचर, मधोमध बसा." शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण टीचर काही सुटत नाही.

पुरानं बेटावरची घरं नेली तेव्हा आमच्या संस्थेनं ती बांधून द्यायचं ठरवलं. संस्था म्हणजे तंजावुरातली आम्ही मूठभर मराठी कुटुंबं. पूर्वजांनी अन्नछत्रं चालवली, वाटसरूंना जेवू घातलं, याचा आम्हाला केवढा ताठा! नियम एकच: येईल त्याला वाढायचं, जात विचारायची नाही. घरांच्या यादीलाही मी तोच नियम लावला. देवळाच्या मंडपात सावली होती, तिथं टेबल टाकलं आणि जो आला त्याचं नाव लिहिलं. दोन दिवस लिहीत होते. अक्षरही छान काढलं.

वर्षभरानं किल्ल्या वाटायला गेलो. हार, भाषणं, फोटो सगळं झालं. परतताना होडीवाली काठावर बसून होती. मी मोठ्या कौतुकानं विचारलं, "तुझं घर कुठलं गं? दाखव तरी."

"माझं कुठलं, टीचर? मी तुम्हाला आणायला न् न्यायला."

खालच्या आळीतली माणसं देवळाच्या पायरीशी फिरकत नाहीत. त्यांना फिरकू देत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही, जन्म गेला माझा या मुलखात. त्या दिवशी डोक्यात आलं नाही, एवढंच. आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. अकरा कुटुंबं ताडपत्रीखाली राहत होती, आणि मला ने-आण करणारी त्यांतलीच एक होती.

संस्थेच्या बैठकीत मी हे काढलं तेव्हा अध्यक्ष, म्हणजे माझे मामा, आमच्या तंजावुरी मराठीत भडकले. "आम्हीं कोणास नको म्हणलों? आला त्यास दिलों!"

"आला नाहीं तो कां आला नाहीं, हे आम्हीं विचारलों कां, मामा?"

मामांनी कॉफीचा पेला तोंडाला लावला.

तोवर देणगीदार दुसऱ्या कुठल्या तरी पुराकडे वळले होते. कळवळा असतो तो पाणी उतरेपर्यंत. पुढची तीन वर्षं मी पत्रं लिहिली, उंचावरच्या जागेसाठी सरकारी कचेरीच्या बाकावर बसले, साहेब जेवायला गेलेत हे ऐकून घरी आले. दमले. खरं सांगते, मधूनच वाटायचं, ती बाई तेव्हा काही बोललीच नसती तर बरं झालं असतं.

या वेळी यादी करायला मी टेबल मागितलं नाही. तिच्याच ताडपत्रीखाली जमिनीवर बसले. पहिलं नाव तिचं लिहायला घेतलं तर तिनं माझं मनगट धरलं.

"होडी नाही त्यांना आधी लिहा. त्या पलीकडच्या म्हातारीला सगळ्यांच्या वर. पाणी आलं तर मी निघून जाईन. मला शेवटी टाका."

इतकी वर्षं आम्ही बैठकांवर बैठका घेतल्या, पण आधी कोणाला द्यायचं हा विचार कुणी केला नव्हता. मी तिचं ऐकलं. अकराव्या ओळीवर तिचं नाव लिहिलं.

परवा मामांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. कचेरीतून मंजुरी आली होती, दहा घरांची. यादीतली वरची दहा.

मी भांडले. हवं ते बोलले. "अकरावं पुढें बघूं," मामा म्हणाले. आमच्या संस्थेत 'पुढें बघूं' म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे.

आज ते सांगायला मी निघाले. काठावर सगळे जमले असते, त्यांच्यादेखत माझ्यानं बोलवलं नसतं. म्हणून भर पात्रात, तिच्याकडे न बघताच सांगून टाकलं.

"दहा," ती म्हणाली. "म्हणजे म्हातारीला मिळालं?"

"मिळालं."

"मग बरं झालं."

वल्हं थांबलं नाही. मला रडू आलं. रागही आला, मामांचा, माझा, आणि मनगट धरणाऱ्या त्या हाताचासुद्धा. होडी काठाला लागली. मागच्या खेपेला मी जिथं उतरले होते ती जागाच उरली नव्हती. वर तिच्या ताडपत्रीचा एक खांब मातीतून सुटून हवेत लोंबत होता.

"सांभाळून उतरा, टीचर," तिनं हात पुढे केला. "इथली माती आता धरत नाही."