आक्काचं कोर्ट कुठलं?

आकाराम एसटीत कंडक्टर होता. आजरा-गडहिंग्लज रस्त्यावर थांब्यांची नावं ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झालेला, की राजारामपुरीत त्यानं भाजीचा भाव विचारला तर पलीकडच्या गल्लीतली बाई उत्तर द्यायची. त्याची थोरली बहीण लीला, म्हणजे आक्का, पुण्यात लेकाकडं वारली. आकाराम राहायचा त्या राजारामपुरीतल्या दोन खोल्या तिच्याच. मृत्युपत्रात त्या तिनं भावाला दिल्या आणि ते मृत्युपत्र अमलात आणायला कारभारी म्हणूनही त्यालाच नेमलं.

भाचा विश्वजित फोनवर म्हणाला, "मामा, मृत्युपत्र खरं आहे हे कोर्टाला ठरवू दे. प्रोबेट आण. आणि आई पुण्यात राहत होती, तेव्हा कोर्टही पुण्याचंच."

आकारामच्या पायाखालची जमीन सरकली. शेवटी शेवटी आक्काचा एकच धोशा होता, मला कोल्हापूरला न्या. ते राहूनच गेलं. आता तिची केससुद्धा पुण्यात?

तो मधुवंती वकिलीणबाईंकडं धावला. "बाई, आक्का ऱ्हायची पुण्यात, पर जीव हितं हुता. जिवावर चालतंय का कोर्ट?"

"जिवावर नाही, मालमत्तेवर चालतं," बाई हसल्या. "माणूस जिथं राहत होतं तिथलं जिल्हा न्यायालय, नाहीतर त्याची मालमत्ता असेल तिथलं. खोल्या इथं आहेत. कोल्हापूरचं चालेल."

"म्हंजे गाडी पुण्याची असली तरी बंद पडली त्या गावच्या डेपोनं बघायची! मग बाई, आता हायकोर्टाचं सर्किट बेंच बी हितंच हाय. हायकोर्टातच घालूया की!"

"काका, जिल्हा न्यायालय पुरे."

आकारामला आभाळ ठेंगणं झालं. जिन्यात भेटलेल्या अनोळखी माणसाचा हात धरून तो ओरडला, "पावणं, कोल्हापूरचं चालतंय!"

"चालणारच की! न चालाय काय झालं?" पावणा त्याच्याहून मोठ्यानं ओरडला. कशाबद्दल, ते त्यानं विचारलंसुद्धा नाही. दोघांनी चहा घेतला.

कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात अर्ज गेला. तारखेला शिपायानं पुकारा केला, "मयत लीलाबाईंच्या मृत्युपत्राला कुणाची हरकत?" पुण्याहून आलेला विश्वजित पुढं सरकला.

"हरकत नाही," विश्वजित म्हणाला. मग मामाकडं वळून हळूच, "तिला इथंच यायचं होतं. मीच आणलं नाही."

आकारामनं भाच्याला मिठीत घेऊन जमिनीवरून उचललंच. शिपाई दटावायला लागला, "ओ काका, गप बसा, कोर्ट हाय हे!"

"गप कसा बसू?" आकाराम हसत होता आणि डोळे पुसत होता. "आक्का आली की घरला!"