जुईनगरच्या घराचं टोकन मी का दिलं नाही

आधीच सांगते, मी बी.एस्सी. आहे. केमिस्ट्री घेऊन, फर्स्ट क्लास. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. वडील बाजारात पाठीवर गोणी वाहायचे, आई सही म्हणून अंगठा उठवायची. हे मिरवायला सांगत नाही... म्हणजे थोडं मिरवायलाही सांगते. पण मुख्य कारण असं की अंगात येणं, नजर लागणं, अमक्या वडाखाली तमकं दिसणं असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तुमच्या मासिकाच्या या पानावरचे लोकांचे अनुभव वाचताना मी चुका काढत बसते – हा भास, हा ताप, ही अर्धवट झोप. स्वतःच्या अनुभवातली चूक मात्र मला अजून सापडलेली नाही.

त्यात भीतीदायक काही नाही. किंकाळ्या, उलटे पाय हवे असतील त्यांनी खुशाल पान उलटावं.

१९९४ चा सप्टेंबर. माझे मिस्टर एका शिपिंग कंपनीत, ओरिसाच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात नोकरीला होते. तिथून बदली झाली ती थेट न्हावा शेवाला. देशाच्या त्या टोकाकडून या टोकाला बिऱ्हाड हलवायचं म्हणजे कुणालाही धडकी भरेल, पण मला आनंदच झाला. कारण आमची सायली. तेव्हा साडेचार वर्षांची, आणि छातीची फार नाजूक. त्या बंदरात कोळसा उतरायचा. खिडक्या बंद केल्या तरी काळी पूड आत यायचीच. पोरगी आडवी झाली की धाप लागायची, म्हणून तिला मांडीवर बसवून झोपवायचं. तिथले डॉक्टर म्हणाले होते, "औषध मी देईन, पण हवा तुम्हालाच बदलायला लागेल."

त्यामुळे नवी मुंबईत घर कुठे घ्यायचं, हा आमच्यासाठी टाइल्सचा आणि गॅलरीचा प्रश्न नव्हता. पोरीच्या श्वासाचा होता.

मिस्टरांना चार्ज दिल्याशिवाय निघता येईना. म्हणून मी सायलीला घेऊन पुढे आले, कोपरखैरण्याला माझ्या भावाकडे. हाताशी पाच दिवस होते. मी वही केली. प्रत्येक घराला एक पान; पाणी, शाळा, डॉक्टर, स्टेशन, बाजार, प्रत्येकी दहा मार्क. आमची वहिनी साताऱ्याकडची, तोंडाची तिखट. ती वही बघून म्हणाली, "सुमन, आगं घराला मार्क देतीस व्हय? नापास झालं तर ऑक्टोबरला बसवनार का काय त्याला?"

पहिला नंबर आला जुईनगरच्या घराचा. पन्नासपैकी सेहेचाळीस. तिसरा मजला, स्टेशन पायी दहा मिनिटांवर आणि गॅलरीतून हायवेपलीकडचा डोंगर दिसायचा – हिरवागार, पावसाने धुतलेला. मी तर सायलीला तिथेच गॅलरीत उभी करून म्हटलं, "घे श्वास!" दुसऱ्या दिवशी टोकन द्यायचं एजंटशी ठरलं.

वहीत नेरूळचं एक घर बघायचं राहिलं होतं. यादी अर्धी सोडायची सवय नाही मला. गेले दुपारी बाराला. सारसोळे गावाच्या अलीकडे तेव्हा सगळ्या सारख्याच इमारती, निम्म्या रिकाम्या, रस्त्यावर सावलीला झाड नाही. मी वाट चुकले. सायलीने चक्क रस्त्यात बसकण मारली. तिची छाती वाजायला लागली होती.

तेवढ्यात वरून हाक आली, "अहो ताई! घर बघताय ना? या उन्हात लेकराला घेऊन किती फिराल? वर या, पाणी प्या."

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पस्तिशीच्या एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. अनोळखी घरात मी कधी जात नाही. पण त्या सायलीकडे बघून "ये गो बाय" म्हणाल्या आणि सायली – जी कुणाकडे जात नाही – सरळ जिना चढायला लागली.

घर साधंच होतं. चटई, स्टोव्हचा वास, भिंतीवर कॅलेंडर. त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं, सायलीला शेंगदाण्याचा लाडू. त्यांच्या समोरच्या दाताचा कोपरा उडालेला होता, त्यामुळे हसल्या की खट्याळ दिसायच्या.

"कुठलं घर पसंत केलंत?"

"जुईनगरला. उद्या टोकन देणार."

"डोंगर दिसतो का हो तिथून?"

"दिसतो ना! काय हिरवा आहे!"

"सप्टेंबर आहे, ताई. सप्टेंबरात उकिरडासुद्धा हिरवा दिसतो." त्या हसल्या. मग सायलीच्या पाठीवर हात ठेवून गंभीर झाल्या. "त्या डोंगरात खडीच्या खाणी आहेत. पावसात धूळ बसलेली असते म्हणून कळत नाही. दिवाळी होऊ द्या, दोरीवरचे कपडे झटकले की पीठ उडतं. आणि ह्या पोरीची छाती इथे मला ऐकायला येतेय. हिला तिथे ठेवणार?"

सेहेचाळीस मार्क दिले होते मी. खाणीचा रकानाच नव्हता वहीत.

"समोरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक घर रिकामं आहे, ते बघा," त्या म्हणाल्या. "खाडीचं वारं येतं. आणि हिला काही झालं तर वाशीपर्यंत धावू नका. पिठाच्या गिरणीमागे तीन पायऱ्या आहेत, हिरवं दार. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई आहेत, वाफेचं मशीन ठेवतात. पाण्याचं तर अजिबात टेन्शन नाही, चोवीस तास."

"तुम्हाला बरीच माहिती आहे."

"मला कुठली असायला! समोर एक वहिनी राहतात. फार शिकलेल्या, सगळं वहीत लिहून ठेवतात. मी नवीन आले तेव्हा त्यांनीच मला पढवलं."

वही म्हटल्यावर मला कोण आनंद. "मग त्यांना भेटूनच जाते."

"भेटाल हो, कुठे जातायत त्या!"

मी टोकन दिलं नाही. समोरचं रिकामं घर बघितलं, त्याला कसेबसे अडतीस मार्क पडले, तरी तेच घेतलं. वहिनी म्हणाली, "सेहेचाळीसवालं सोडून अडतीसवालं? मग ती वही काय चुलीत घालू?"

दिवाळीआधी आम्ही राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात मी पेढे घेऊन त्या बाईंकडे गेले. दाराला कुलूप. तेही गंजलेलं. चौकटीत जळमटं. तळमजल्यावरचे आजोबा बाहेर आले. "कुणाकडे? वर कुणी नाही हो राहत. बिल्डिंग झाल्यापासून बंद आहे ते घर. पाण्याचं मीटरसुद्धा बसलेलं नाही."

मी त्या घरात तांब्याभर पाणी प्यायले होते.

वाटलं, जिना चुकलो असू. सगळे जिने चढून आले. मग आमच्या बिल्डिंगमध्ये चौकशी केली – फार शिकलेल्या, वही लिहिणाऱ्या वहिनी कोण? कुणीच नाही. गिरणीमागे गेले. तीन पायऱ्या होत्या, पण वर एक रिकामा गाळा, कच्च्या लाकडाचं दार, कडी लावलेली. आणि चोवीस तासांचं पाणी यायचं दिवसातून एक तास! मला संताप आला. म्हटलं, बाई थापाडी निघाली आणि मी पदवीधर मूर्ख.

जानेवारीत, दुपारी तीनच्या सुमाराला, सायलीला अटॅक आला. तसा आधी कधी आला नव्हता. ओठ निळसर पडायला लागले. मिस्टर न्हावा शेवाला, आमच्याकडे फोन नाही. मी तिला छातीशी उभी धरून खाली धावले. रिक्षा नाही. एकही नाही. वाशी तर परदेशाएवढी लांब वाटली. पाय गिरणीकडे कसे वळले, सांगता येणार नाही. तिथे काही नाही हे मला पक्कं माहीत होतं.

वळले, तर एक पेंटर त्या दाराला रंग देत होता. वरचा अर्धा भाग झाला होता. हिरवा.

आत एक तरुण बाई खोकी उघडत होत्या. "अहो, उद्या पूजा आहे, दवाखाना परवापासून–" एवढंच बोलल्या आणि सायलीकडे बघितलं. मग त्यांनी एका खोक्याची चिकटपट्टी दातांनी तोडली. मशीन कोरं करकरीत होतं, वायरीला गुंडाळलेला कागदसुद्धा निघाला नव्हता. पेंटरने हातातला ब्रश टाकून एक्स्टेंशन बोर्ड धरला. दहा मिनिटांनी सायलीच्या ओठांना रंग आला. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "आई, वास येतोय रंगाचा."

मी तेव्हा रडले. नाही कशाला म्हणू.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलं? बोर्डसुद्धा लावलेला नाही मी अजून." मी म्हटलं, शेजारच्या बाईंनी. दुसरं काय सांगणार?

ते घर पुढे अडीच वर्षं बंदच होतं. १९९७ च्या जूनमध्ये खाली टेम्पो लागला. सायली गॅलरीतून ओरडली, "आई, त्या लाडूवाल्या काकू आल्या!"

मी बघितलं. तोच चेहरा. तोच आवाज, तेच "ये गो बाय". परब वहिनी, कणकवलीच्या. मिस्टर बँकेत, दोन मुलं. पण त्यांचे समोरचे दात अख्खे होते. तुटलेला दात पुन्हा उगवत नाही, हे सांगायला केमिस्ट्री लागत नाही. म्हणजे ह्या त्या नव्हेत. तरी विचारलं, "याआधी कधी आला होतात का नेरूळला?"

"मी? छे हो! कणकवली सोडून पहिल्यांदाच कुठे राहायला निघालेय. जीव नुसता घाबराघुबरा झालाय."

मला त्यांचा तो जीव ओळखीचा वाटला. वही घेऊन त्यांच्या चटईवर बसले आणि सगळं सांगितलं – खाणीची धूळ, खाडीचं वारं, गिरणीमागच्या डॉक्टरीणबाई. मैत्री झाली. वर्ष गेलं.

मग एके दिवशी सकाळी परब वहिनी तोंडावर हात धरून माझ्या दारात. "बघा ना वहिनी, सुपारीने घात केला. आता हसायची सोय राहिली नाही." असं म्हणाल्या आणि हसल्याच.

मी दाराची चौकट धरली.

समोरच्या दाताचा कोपरा उडालेला. तेच खट्याळ हसू. आणि त्याच क्षणी मला कळलं, की समोर राहणाऱ्या, फार शिकलेल्या, सगळं वहीत लिहिणाऱ्या त्या वहिनी कोण. मी त्यांना बिल्डिंगभर शोधून आले होते.

खाणीचं मला त्यांनी सांगितलं. त्यांना मी सांगितलं. मग मुळात कळलं कुणाला? शेजारणी-शेजारणींनी वाटीभर साखर एकमेकींना उसनी द्यावी आणि ती दुकानातून कुणीच आणलेली नसावी, तसं झालं हे. त्या दिवशी भिंतीवर कॅलेंडर होतं. मी साल बघितलं नाही. दुसऱ्याच्या घरात पाणी पिताना कोण साल बघतं?

मिस्टर म्हणतात, ऊन लागलं होतं तुला. सायलीचं काय, विचारलं तर म्हणतात, मुलांना काय, सांगाल ते आठवतं. हिरव्या दाराचं विचारलं की पेपर उघडतात. पाण्याबद्दल परब वहिनी चोवीस तास कुठल्या हिशोबाने म्हणाल्या, ते मलाही कळलेलं नाही – अजून एकच तास येतं. माझ्याकडे एवढंच आहे की सायली आता नऊ वर्षांची आहे, आडवी झोपते, आणि कधी कधी मी उगाच तिच्या उशाशी बसून तिचा श्वास ऐकते. काहीच आवाज येत नाही. एवढं सुंदर मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

परब वहिनींना हे सगळं सांगायला मला वर्ष लागलं. वेड लागलंय म्हणतील अशी भीती होती. गेल्या आठवड्यात सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. शेवटपर्यंत ऐकलं, एक खडा बाजूला काढला.

"बोलावलं असेन हो," त्या म्हणाल्या. "मी कुणालाही वर बोलावते. घर बघणारी माणसं लगेच कळतात, माना वर करून चालतात. सगळ्यांचे चेहरे कुठे लक्षात ठेवू?"

"अहो, पण तुम्ही इथे नव्हतातच तेव्हा!"

"नव्हते तर नव्हते. पोरगी वाचली ना?"

"वाचली."

"मग झालं." त्यांनी आणखी एक खडा काढला. मग एकदम त्यांनी ताट खाली ठेवलं. "थांबा. त्या दिवशी मी तुम्हाला चहा दिला का?"

"नाही. पाणी दिलंत."

"नुसतं पाणी?" परब वहिनींचा चेहरा खरंच उतरला. "दूरदेशावरून आलेली बाई, सोबत आजारी पोर, आणि मी नुसतं पाणी दिलं? शी! काय म्हणाला असाल मनात!"

"मी म्हटलं, देवासारख्या भेटल्यात."

"काहीतरीच तुमचं," असं म्हणून त्या उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.