चित्रातलं खोड
दाराच्या रंगातला टर्पेंटाइनचा वास आला की मला आमची सांडोरची केळीची वाडी आठवते, कारण मुंबईचा एक चित्रकार तिचं चित्र काढायला आला होता, आणि मीही चित्रात यावं म्हणून छाती फुगवून अर्धा दिवस उन्हात उभा राहिलो. चित्र झाल्यावर बघतो, तर माझ्या जागी एक आखूड तपकिरी खोड. "बरोबर काढलंय," बायको म्हणाली, "घरातपण असेच उभे असता." सगळी हसली, फक्त बाबा हसले नाहीत. ते चित्रातल्या रहाटामागच्या केळींकडे बघत होते. "ही खालची पानं पिवळी का?" "सोनेरी दिसतात, काका. आहेत तशीच काढली," चित्रकार खुशीत म्हणाला. त्याच पानांखाली मी रोज विडी ओढत बसायचो, तरी म्हटलं, "बाबा, ऊन असेल ते." बाबांनी कोयता घेतला, जाऊन एक केळ आडवी पाडली. कापलेल्या गाभ्यात तांबडे दोरे होते. दुसरीतही तेच, तिसरीतही. मग ते कोयता धोतराला पुसत बसले, पुसतच राहिले, आणि आम्हा कुणाला हसू येईना. ते दोरे म्हणजे मुळातून चढणारा रोग, तो वाडीभर फिरला. चित्र आमच्याकडेच राहिलं. नातवंडं विचारतात, "आजोबा, ह्यात तुम्ही कुठे?" मी बोट ठेवतो आणि सांगतो, त्या वाडीतलं हे एवढंच खोड उरलंय.