खंडेनवमीचं नवीन मशीन

झेंडू आणि मशीनच्या तेलाचा वास एकत्र आला की मला चाकणच्या आमच्या शेडमधली ती खंडेनवमी आठवते. आदल्याच दिवशी मी पहिल्यांदा एकटीनं विमान उडवलं होतं. पाय अजून जमिनीला लागत नव्हते आणि बडबड काही थांबत नव्हती. शेडमध्ये लेथ, ड्रिल, कॉम्प्रेसर, सगळ्यांना हार चढले होते. फक्त दाराजवळची जागा मोकळी होती. तिथलं मोठं मशीन बाबांनी माझ्या पायलटच्या ट्रेनिंगसाठी विकलं होतं, कोब्यावर त्याचा तेलकट चौकोन तेवढा उरला होता. शिकायच्या विमानाचं भाडं तासावर असतं हे कळल्यावर बाबा एवढंच म्हणाले होते, "म्हंजे आपल्या जॉबवर्कसारखंच की, मशीन चालंल तेवढ्या तासाचं पैसं!" बोलता बोलता माझी नजर त्या चौकोनाकडे गेली आणि तिथेच अडकली. तेवढ्यात बाबांनी हाक मारली, "इकडं ये. हितं उभी ऱ्हा." मी चौकोनात उभी राहिले. त्यांनी मला कुंकू लावलं, गळ्यात हार घातला आणि कामगारांना ओरडून सांगितलं, "बघा रं, नवीन मशीन आलं!" आई म्हणाली, "अहो, पोरगी हाय ती!" शेडभर हशा उसळला, आणि मी हारासकट दोन्ही हात पसरून तिथल्या तिथे गिरकी घेतली. आता मी प्रवासी विमान चालवते. उतरले की बाबांचा फोन येतो, "मशीन बरं हाय का?" मी म्हणते, "एकदम झकास." मग ते विचारतात, "आन् विमान?"